मोठ्याने मोजायचा धडा

वाद्यवृंदाचे संचालक तरुणपणी परदेशातून आले आणि इथलेच होऊन गेले. संध्याकाळी शिकवण्या घेत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. निम्म्या गावाला त्यांनी सुरात आणलं, पण बायको गेल्यापासून त्यांच्याशी मायबोलीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

एकदा दवाखान्यातली एक नर्स ट्रम्पेट शिकायला आली. तिची आजी आपल्याच मुलखातली, हे कळताच मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. ते आपल्या भाषेत भडाभडा बोलत सुटले.

नर्स हसायला लागली. "मास्तर, दमानं घ्या! मला फक्त आकडे येतात. आजी जिना चढताना माझ्याकडून पायऱ्या मोजून घ्यायची."

मास्तर उठले. मग त्यांनी कपाटातून एक जुनी रचना काढली. तिच्यात ट्रम्पेटला जेमतेम दोन ओळी होत्या. बाकी वेळ आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजत बसायचं.

"म्हणजे मी पैसे देऊन नुसती बसू?"

"थांबता येणं हीच अर्धी विद्या, बाई. मोजा. मोठ्याने, आजीच्या भाषेत."

ती मोजू लागली. उच्चार बोबडे होते, पण हेल थेट त्यांच्या घरचा. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. नेमक्या मात्रेवर तिने ट्रम्पेट ओठांना लावला आणि सूर अचूक लागला.

"चुकलं," मास्तर म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून मोजा."