स्लॅबवरचा पेंढा

“पेंढा कमी पडतोय,” दिग्दर्शक म्हणाले. “तो निळा रंग अजून दिसतोय.”

निळा रंग यशवंत गायकवाडांच्या घराचा होता. पळसदरी आणि खोपोलीच्या मधल्या एका गावातली बौद्धवाडी. वर्षं सत्तरच्या दशकातली, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा. गायकवाड खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरीच्या जोरावर त्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. खिडक्यांना ग्रिल, भिंतींना निळा ऑइलपेंट. आमचा चित्रपट बौद्धवाडीवर होणाऱ्या अन्यायाबद्दल होता. अडचण एवढीच, की बौद्धवाडी स्क्रिप्टप्रमाणे दिसायला तयार नव्हती.

मी प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणजे दिग्दर्शकाला जे सुचेल ते जेवणाच्या सुट्टीआधी जागेवर हजर करणारा माणूस. त्या चित्रपटाच्या गौरव अंकात माझ्या तोंडचा एक किस्सा छापलेला आहे. “अडाणी गावकऱ्यांनी आमचा सेट मोडला.” लोक तो वाचून अजून हसतात. तो खोटा आहे. खरं काय झालं ते असं.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पन्नासच्या दशकात मी याच पट्ट्यात सहायक म्हणून येत असे. तेव्हा देश नवा होता, त्यामुळे चित्रपटातला शेतकरी धुतलेला असे. आम्ही ट्रंकेतून पांढरी धोतरं आणायचो, लोकांना नेसवायचो आणि म्हणायचो, हसा. सत्तरच्या दशकात हसण्यावर बंदी आली. आता लोक स्वतःचे इस्त्रीचे कपडे घालून यायचे आणि आम्ही ते उतरवून, मळके दिसावेत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेले कपडे द्यायचो. माणसं तीच, भाताची खाचरं तीच. फक्त आमच्या दादरच्या ऑफिसातली हवा बदलली होती.

घर पेंढ्याने झाकून त्याची झोपडी करायची परवानगी मागायला मी गायकवाडांकडे गेलो, तेव्हा ते बुचकळ्यात पडले.

“साहेब, झोपडीच पायजे तर खालच्या अंगाला गोठा हाय ना.”

“गोठा लहान पडतो. कॅमेरा मागे घेता येत नाही.”

“म्हंजे आमी गोठ्यात ऱ्हायला पायजे होतं, पन जरा मोठ्या.”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “आमच्यावर काय काय झालं ते कोन दाखवत नाय. तुमी दाखवताय तर दाखवा. घराचं काय घेत नाय मी. पन रविवारी अंबरनाथची मानसं पोरीला बघायला येनार हायत. त्याच्या आत पेंढा उतरला पायजे.”

“शनिवारी संध्याकाळी उतरवतो. शब्द देतो.”

त्यांची मुलगी सुमन दारातच उभी होती. मॅट्रिक होऊन कर्जतला शिवणकाम शिकत होती.

“काका, सिनेमातलं आमचं घर कुठल्या सालातलं?”

“आजचंच.”

“मग आम्ही कुठल्या सालात राहतो?”

“सुमे, गप गं,” गायकवाड म्हणाले.

शनिवारी ढग आले. सावकाराची माणसं गायकवाडांना अंगणातल्या खांबाला बांधतात, हा सीन अर्धा राहिला. हो, गायकवाडच. चेहरा चांगला आहे म्हणून दिग्दर्शकांनी त्यांनाच उभं केलं होतं. कारखान्यातून रजा काढून ते आले होते. मी पेंढ्याचा विषय काढला.

“वेडा झालास का? कंटिन्युइटी जाईल,” दिग्दर्शक म्हणाले.

कंटिन्युइटी म्हणजे पहिल्या शॉटमध्ये जे दिसलं तेच पुढच्या शॉटमध्ये दिसलं पाहिजे. शर्टाचं बटण उघडं असेल तर उघडंच. माणूस गरीब असेल तर गरीबच.

मी गायकवाडांना सांगितलं, “सकाळी एकच शॉट. पाहुणे यायच्या आत घर मोकळं.” एकच शॉट कधीच नसतो, हे मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी पाहुणे आले तेव्हा गायकवाड खांबाला बांधलेले होते. अंगावर चहाचा सदरा, तोंडाला राख. पाहुणे चौघे. वडील कोट-टोपीत, मुलगा टेरिकॉटच्या पॅंटमध्ये, मागे दोन बायका, एकीच्या हातात मिठाईचा पुडा. वाटेत कोणाला तरी विचारून ते निळं घर शोधत आले होते आणि पेंढ्याच्या झोपडीसमोर थबकले.

“कट. हे कोण?” दिग्दर्शक ओरडले. “कपडेपटवाल्याला बोलवा. या वाडीत टेरिकॉट कोण घालतं? फ्रेमबाहेर काढा यांना.”

गायकवाड खांबापासून म्हणाले, “साहेब, माजे पावने हायत ते.”

“हलू नका हो. दोर सैल होईल.”

पाहुणे कशासाठी आलेत, हे आमच्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण ऊन नुकतंच पडलं होतं आणि ते टिकेल असा भरवसा नव्हता. मी वडिलांचा दंड धरला आणि म्हणालो, “एक्स्ट्रा मंडळींनी गोठ्यामागे बसायचं. चला.”

त्यांनी माझा हात बाजूला केला. आवाज चढवला नाही.

“गाव सोडून अंबरनाथला गेलो ते याच्यासाठीच,” ते म्हणाले. “कुठं उभं ऱ्हायचं ते कुनी सांगू नये म्हनून.”

ते वळले. बाकीचे तिघे त्यांच्यामागून गेले. गायकवाड हाका मारत राहिले. दोर फिल्मी असला तरी गाठ खरी होती. ती सोडायला मीच गेलो आणि घाईत मला ती सुटेना.

तेवढ्यात वरून पेंढ्याची पेंडी खाली पडली. सुमन पदर खोचून स्लॅबवर चढली होती. ती एकेक पेंडी उपसून अंगणात फेकत होती. दिग्दर्शक “कंटिन्युइटी, कंटिन्युइटी” करत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाहता पाहता घर निळं झालं.

उरलेला सीन आम्ही मुंबईत झोपडीचा सेट लावून केला. तो गावापेक्षा जास्त खरा वाटतो, असं समीक्षकांनी लिहिलं. चित्रपटाला पुरस्कार मिळाला. अंबरनाथचं स्थळ मोडलं. गायकवाड दोनदा जाऊन आले, पण मुलाच्या वडिलांनी दार उघडलं नाही. मी एकदाही गेलो नाही. मला पुढच्या पिक्चरची लोकेशन बघायची होती. आणि गौरव अंकासाठी कोणी विचारलं तेव्हा “अडाणी गावकरी” हे दोन शब्द मला पटकन सुचले.

मध्यंतरी एका कॉलेजात हा चित्रपट दाखवला. प्राध्यापक मुलांना म्हणाले, त्या काळचं खेडं बघायचं असेल तर यात बघा. त्यात खेडं नाही. पण त्या काळी चळवळीची पुस्तकं वाचलेली, चांगल्या हेतूची वीस माणसं मुंबईहून वाडीत आली आणि इस्त्रीची पॅंट घातलेला तिथला माणूस त्यांना चूक वाटला, एवढं मात्र त्या चित्रपटात अचूक उतरलं आहे.