मामाची मूठ

माझा तो सख्खा मामा. पण मत्स्य संशोधन केंद्रात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच त्याला मामा म्हणत. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याचा मामाच केला, आणि त्यात सर्वांत मोठा हात माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साहेबांवर तोंडसुख घेईन तेव्हा माझंही तोंड तुम्ही बघून ठेवलेलं असेल.

मामा तळ्यांवरचा कामगार. सहा तळी, एकवीस वर्षं. पहिल्याच वर्षी पाण्यात हवा खेळवणारा पंखा दुरुस्त करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. केंद्राने आठ दिवसांची रजा दिली आणि नवव्या दिवशी त्याच पंख्यापाशी उभं केलं. उरलेल्या तीन बोटांनी तो माशांना खाद्य टाकायचा. विकतचं खाद्य समुद्रातल्या बारीक माशांच्या भुकटीचं असतं. म्हणजे मासे वाढवायला आधी मासेच मारायचे. मामाला ते पटेना. मंडईतल्या सडक्या भाजीवर त्याने अळ्या वाढवल्या, वाळवल्या, दळल्या आणि तेच खाद्य द्यायला लागला. रोजची नोंद वहीत: 'तळं तीन, ढग, चार मुठी.' अशी बारा वर्षं. साहेब त्या अळ्यांच्या शेडवरून नाक दाबून जायचे.

मग 'शाश्वत' हा शब्द आला आणि साहेबांना वास यायचा बंद झाला. आमचं केंद्र, खाद्य बनवणारी एक कंपनी आणि मासे पाळणाऱ्यांची सोसायटी, अशी संशोधन आणि विकासाची भागीदारी ठरली. बैठकीत साहेब भरात येऊन म्हणाले, "आणि चौथे भागीदार आमचे मामा." अहवालाच्या पहिल्या पानावर तशी ओळ मीच टाइप केली, मी तिथे कंत्राटी टायपिस्ट होते. त्यानंतर मामा रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, दारात पाय पुसायचा आणि म्हणायचा, "दाखव गं ती ओळ." चष्मा लावून पूर्ण वाचायचा.

"एकवीस वर्षं 'ए मामा, पंखा लाव' एवढंच ऐकलं," तो एकदा म्हणाला. "छापून आलं म्हणजे मी डोळे मिटायला मोकळा."

मला तेव्हा हसू आलं होतं.

एके दिवशी साहेब म्हणाले, "कंपनीला मुठीबिठी कळत नाहीत. वहीतल्या मुठींचे ग्रॅम करा. संध्याकाळपर्यंत पाहिजेत." तळी अर्धा मैल लांब आणि ऊन मी म्हणत होतं. मी टेबलाशीच शिपायाला खाद्याची मूठ भरायला लावली आणि काट्यावर टाकली. नव्वद ग्रॅम. बारा वर्षांच्या सगळ्या मुठींना नव्वदने गुणून टाकलं. शिपायाला पाच बोटं आहेत. मामाचा तीन बोटांचा हात धरून मी शाळेत गेलेय, आणि त्या दुपारी तो हात मला एकदाही आठवला नाही. साहेबांनी तक्ता न वाचता त्याखाली सही ठोकली.

सोसायटीच्या अकरा तळ्यांत माझ्या आकड्यांप्रमाणे खाद्य पडलं. माशांना ते संपेना. उरलेलं तळाशी कुजलं, पाण्यातला प्राणवायू संपला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका ढगाळ सकाळी मासे पोटं वर करून तरंगायला लागले. मामा तिथे जाऊन आला तो थेट माझ्या टेबलाशी. तक्त्यावर बोट फिरवलं.

"नव्वद? माझ्या मुठीत पंचावन्नच्या वर मावत नाही. कुणी मोजलं हे?"

मी तक्ता उचलून फायलीत घातला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

कंपनीला उत्तर हवं होतं. साहेबांना चूक मिनिटभरात कळली, पण तक्त्याखाली सही त्यांची होती. त्यांनी मला एक निवेदन सांगितलं, मी टाइप केलं. "मामांची सही घ्या," ते म्हणाले. "आणि हो, तुम्हाला कायम करायचं पत्र याच आठवड्यात निघतंय." एका श्वासात म्हणाले, तरी दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसल्यासारखं.

मामा आला. "चष्मा राहिला. तूच वाच."

मी वाचलं. 'माझ्या वहीतील नोंदी मी अंदाजाने, न मोजता केल्या. त्या संशोधनासाठी विश्वासार्ह नाहीत.'

"परत वाच."

परत वाचलं.

"एक दिवस अंदाजाने लिहिलं नाही मी. ठाऊक आहे ना तुला?"

"हो."

"तू खरं सांगितलंस तर काय होईल?"

"काढतील मला."

हे मी म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्याने पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडून सही केली. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. उठता उठता म्हणाला, "ताईला सांगू नकोस. ती तुझ्याशी बोलायची नाही."

तो गेल्यावर मी चौथ्या भागीदाराची ओळ काढून टाकली. साहेबांना सांगावंसुद्धा लागलं नाही.

पत्र आलं तेव्हा आईने पहिला फोन मामालाच केला. फोन ठेवून मला म्हणाली, "मामा म्हणतोय, पोरीने मेहनत केली. जा, त्याच्या पाया पडून ये."

मी गेले. पाया पडून आले.