निंबाविषयी माझं लेखी मत

किस्से मी गोळा करत नाही. टाकीच्या तळाशी गाळ बसतो, तसे ते बसत जातात. ढवळलं की वर येतात, एवढंच. धुळ्यातल्या आमच्या मशिदीच्या अंगणात निंबाखाली एक बाक होता. असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर आम्ही चार रिटायर्ड माणसं तिथं बसायचो. त्यातला मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पीएच.डी. मुळांवर. त्यामुळे पर्यावरण म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे. चूक तिथंच झाली असावी.

*

एका शुक्रवारी, जुम्म्याला, मला पाण्यावर बोलायला सांगितलं. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वजू करताना पाणी वाया घालवू नका, अशी पैगंबरांची शिकवण आहे. त्यावर मी वीस मिनिटं बोललो. आपल्याकडे नळ किती दिवसांनी येतो तेही सांगितलं. लोकांनी हात हातात घेतले.

घरी आलो तर बायको दारात उभी. निघताना मी टाकीची मोटर चालू करून गेलो होतो.

"भाषण गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं," ती म्हणाली.

*

मग माझ्याच सूचनेवरून वजूखान्यात दाबायचे नळ बसवले. हात काढला की पाणी बंद. आठवड्यात पाहतो तर एक नळ अखंड वाहतोय. बटणात काडी खुपसलेली. बाकावरचे अन्सारी इंजिनियर शांतपणे पाय धूत होते. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस.

"सारखं वाकून दाबायचं म्हणजे गुडघे दुखतात, इबादतीत लक्ष लागत नाही, सर."

मी काडी काढली नाही. त्यांच्या गुडघ्यांचंही खरं असेल, असं वाटलं.

*

कब्रस्तानात झाडं लावायची ठरली. कयामत समोर आली आणि हातात रोप असलं, तरी ते लावून टाका, ही पैगंबरांची हदीस मी सगळ्यांना ऐकवली. कमिटीचे अध्यक्ष कादरभाई यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तेही रोप धरून उन्हात उभे. अर्धा तास झाला तरी फोटोग्राफर येईना.

"सर, कयामत आधी येईल असं दिसतंय," कादरभाई म्हणाले.

फोटो झाला. रोपं पिशव्यांसकट भिंतीला टेकली आणि लोक पांगले. त्यातली पाच आज जिवंत आहेत. ती अजान देणाऱ्या रहीमबाबांनी लावली. बाबा साक्रीकडच्या खेड्यातले, शाळेत न गेलेले. वजूचं वाहून जाणारं पाणी ते बादलीत धरायचे आणि अंगणातल्या निंबाला घालायचे. हदीस वगैरे कधी बोलले नाहीत. फोटोतही नाहीत.

*

पुढच्या वर्षी अंगण मोठं करायचं निघालं. निंब आड येत होता. तोडायला परवानगी हवी, परवानगीला कारण हवं. मशिदीच्या भिंतीला तडा होताच. कादरभाई म्हणाले, "मुळांमुळे धोका आहे का, एवढंच लिहून द्या."

तडा वजूखान्याच्या टाकीच्या गळतीचा होता, असं मला वाटत होतं. पण 'वाटणं' म्हणजे पुरावा नव्हे. चार मसुदे फाडले. अखेर दोन पानी अहवाल दिला. त्यात गळती आधी तपासावी, असंही लिहिलं होतं. पण शेवटी एक वाक्य होतं: 'भविष्यात मुळांमुळे भिंतीस इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

शास्त्रात कुठली शक्यता नाकारता येते?

मीटिंगमध्ये तेवढंच वाचलं गेलं. मी तिथंच बसलो होतो.

*

तोडायच्या दिवशी कादरभाई स्वतः उभे होते. निंबावर एक बोर्ड ठोकलेला होता: झाडाची सावली, फळ, पाखरांनी टिपलेला दाणा, सगळं लावणाऱ्याच्या नावे पुण्य. मजकूर माझाच. कादरभाईंनी आधी चारही खिळे अलगद उपसून घेतले.

"बोर्डाला धक्का नको," करवतवाल्यांना त्यांनी बजावलं. आता तो भिंतीवर आहे. तड्याच्या थोडा डावीकडे.

*

खोड वीतभर उरलंय. सोमवारी त्यावरून पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. काल असरनंतर मी सवयीनं तिकडे गेलो. बाक हलवलाय हे विसरलो होतो. रहीमबाबा बादली घेऊन खोडाला पाणी घालत होते. त्यांनी मला कधी काही विचारलेलं नव्हतं.

"सर, हाई परत फुटी का?"

मी वाकून साल पाहिली. ओली होती.

"शक्यता नाकारता येत नाही," मी म्हणालो.

बाबांनी बादली खाली ठेवली.

"मंग इतलं लिखी द्या."