कोपरा फाडलेलं कार्ड

नोव्हेंबर १९९८, पहिला रविवार. रक्कम अठ्ठेचाळीस रुपये. हजर आम्ही दोघंच: मी आणि पाटणच्या अलीकडे, आमच्या गावाच्या फाट्यावर एस.टी.डी.चा बूथ चालवणारे गृहस्थ. आई जाऊन बारा दिवस झाले होते आणि तिच्या फोनचं बिल चुकतं करायला मी आलो होतो. त्यांनी वही काढली, तीन महिन्यांच्या रविवारांची बेरीज माझ्यासमोर केली. बेरीज बरोबर होती. मी पाकीट काढलं, तेव्हा ते म्हणाले, "जरा बसा. एक सांगायचं हाय."

त्यांनी काय सांगितलं ते शेवटी लिहितो, कारण आई पत्रं सोडून फोनकडे का वळली हे आधी कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मी तेव्हा सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायचो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका काकूंच्या घरी खोली घेऊन राहायचो. घरी माणूस एकच, आई. वडील मी शाळेत असताना गेले, भावंडं नाहीत. आई पन्नाशीला टेकल्यावर गावातल्या साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली आणि शिकल्याबरोबर तिनं मला पोस्टाची कार्डं लिहायला सुरुवात केली. पत्ता शेजारचे गुरुजी घालायचे, कारण पत्ता चुकला तर पंधरा पैसे वाया. मजकूर तिचा. टपोरी अक्षरं, एका ओळीत तीन-चार शब्द. "म्हस व्याली. रेडी झाली. तू दूध पीत जा." सांगलीत बसून मी कुठल्या म्हशीचं दूध प्यायचं, ते तिनं लिहिलं नव्हतं. "पावटा आला. तुज्यासाठी वाळवला." खाली सही म्हणून "आई" आणि जागा उरली तर पुन्हा एकदा "आई".

संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना दारातून आत सरकवलेलं कार्ड पायाखाली आलं की तो दिवस वेगळा जायचा. बाकीचे दिवस सारखे होते. पेढीवर दिवसभर माणसं बोलायची, पण ती हळदीच्या भावाबद्दल. खानावळीत शेजारी बसणारा रोज वेगळा. बरं आहे ना, असं विचारणारं त्या शहरात कुणी नव्हतं. ते विचारायचं ते कार्डच.

९५ च्या हिवाळ्यात एका दुपारी पेढीवर फोन आला. काकूंचा.

"हे बघा, तुमच्या गावाकडून कार्ड आलंय. कोपरा फाडलेला आहे."

आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचं कार्ड. ते घरात घेत नाहीत, बाहेरच वाचतात आणि फाडून टाकतात. हे सांगावं लागत नसे.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मी वाचलं नाही हो. दुसऱ्याच्या घरचं तसलं कार्ड मी कशाला वाचू? बाहेर दिवळीत ठेवलंय." मग त्यांनीच विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आईच."

मग त्या म्हणाल्या, "इकडे येऊ नका आता. परस्पर स्टँडवर जा. कऱ्हाडची गाडी मिळेल."

मी गेलो. कार्ड न वाचताच गेलो. सांगली ते कऱ्हाड, कऱ्हाड ते पाटण रस्ता. खिडकीशी बसलो होतो आणि डोक्यात हिशेबच चालू होता, कारण मला दुसरं काही येत नाही. कार्ड पोचायला तीन दिवस, म्हणजे सगळं उरकलेलं असणार. कुणी उरकलं असेल? म्हशीला कोण बघत असेल? मग हिशेब संपला आणि आई आठवायला लागली. ती चूल फुंकताना डोळे बारीक करायची ते. मला एस.टी.त बसवून गाडी हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी राहायची ते. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणी गेलं का रं बाळा?" मी मान हलवली. त्यानं तंबाखूची डबी पुढं केली, मी घेतली नाही, तरी तो कऱ्हाडपर्यंत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

घराशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अंगणात सूप घेऊन आई पावटे निवडत बसली होती.

"आरं, आज कसा आलास? सुट्टी हाय व्हय?"

मी पायरीवर बसलो. तिनं पाणी आणलं, ते न पिता मी तिच्याकडेच बघत राहिलो. "ताप हाय का रं?" म्हणून तिनं कपाळाला हात लावला. तिच्या हाताला पावट्याचा वास होता. मग मी सगळं सांगितलं.

"कोपरा व्हय? म्याच फाडला की. गुरुजींनी पत्ता घातल्यावर तेलाचा हात लागला हुता. तुज्या त्या काकू सोवळ्याच्या, तेलकट पत्र बरं दिसंल का त्यांच्या दारात? डागापुरता नीट फाडला."

पन्नाशीपर्यंत वाचता येत नसलेल्या माणसाला कोपरा फाडण्याचा अर्थ कुठून कळणार? गावात कुणी गेल्याचं कळायचं ते ओरडून किंवा माणूस धाडून. तिच्या हातात असलं कार्ड कधी आलंच नव्हतं.

शेजारीण कुंपणावरून ऐकत होती. ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आवं मावशी, लय भारी! जित्या माणसानं आपलाच सांगावा धाडला की!"

आईही हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका तिला विचारत होत्या, "मावशी, आता पुन्यांदा कवा मरायचं ठरलंय? लाडू तरी कराय सांगा." ती त्यांना उलटून बोलत होती, "तुमाला जेवाय घालूनच मरीन, भुकेल्या कुठल्या!" पण घरात आल्यावर तिनं वर्गातली पाटी आणि पेन फळीवर ठेवून दिलं. "माज्या हातानं लेकाला रडीवलं," एवढंच बोलली.

सांगलीला परतलो. आई बरी आहे ऐकून काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी कार्ड मागितलं. त्यांचा चेहरा पडला. "अहो, तसलं कार्ड ठेवत नाहीत ना. दुसऱ्या दिवशी सकाळीच बंबात घातलं."

म्हणजे त्या कार्डात काय होतं ते कुणीच वाचलं नाही. मी आईला पुढं तीनदा विचारलं. "काय न्हाई रं. आसंच ल्ह्यालं हुतं." मी तिला नवी कार्डं नेऊन दिली. ती तशीच राहिली.

पुढच्या वर्षी फाट्यावर बूथ झाला. रविवारी सकाळी आई तिथं चालत यायची आणि काकूंच्या घरी फोन करायची. बिल मी दर तीन महिन्यांनी चुकतं करायचं ठरलं होतं. "बरा हाईस न्हवं? जेवतोस न्हवं? मी बरी हाय. ठेवते." बूथमधल्या यंत्रावर तांबडे आकडे पळायचे, तिची नजर त्यांच्यावर असणार. मी म्हणायचो, "बोल की, पैशाचं काय?" ती म्हणायची, "आरं, पळतंय की ते," आणि ठेवून द्यायची. काकूंच्या हॉलमध्ये मी रिसीव्हर हातात धरून थोडा वेळ उभा राहायचो. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "झालं एवढ्यात?"

आता माझी पन्नाशी उलटली. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला. घराचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज सकाळी त्यावर फुलं येतात. मी कधी चार ओळी लिहितो, कुठं गेलो, काय खाल्लं. दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचलं. मग एक अंगठा येतो. त्यांच्यावर माझी तक्रार नाही, अंगठ्याला वेळ कमी लागतो आणि त्यांच्याकडे वेळ कमी आहे. आणि पत्रच श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. पत्रानं मला अख्खी दुपार आई मेलेली दाखवली. तेव्हा खिशात आजचा फोन असता तर एका मिनिटात उलगडा झाला असता आणि मी पेढीवरून उठलोही नसतो. पण मग त्या गाडीत मी तिला जेवढं आठवलं तेवढं कधी आठवलं असतं का, हेही मला सांगता येत नाही. रात्रंदिवस चालू असलेल्या ग्रुपवर माणसं असतात, पण कुणीतरी आपल्यासाठी बसून, पेन धरून, हात दुखेपर्यंत काही लिहिलं असं त्यात दिसत नाही. संध्याकाळी कुलूप काढताना अजून माझी नजर उंबऱ्यापाशी खाली जाते.

तर बूथवाल्यांनी सांगितलं ते असं.

"तुमची आई फोन ठेवायची. म्हंजे बटन दाबून लाईन कापायची. मीटर थांबला का बघायची. आन मग रिसीव्हर तसाच कानाला लावून बोलत बसायची. मला आधी वाटलं, लाईन चालूच हाय. मी सांगाय गेलो, मावशी, फोन बंद हाय. तर म्हणाली, म्हाईत हाय रं, बंद हाय म्हणून तर बोलतीया."

"काय बोलायची?"

"आता काच बंद असायची. मी कशाला ऐकू? पण लय बोलायची. हासायची बी मधनंच. मागं गिऱ्हाईक आलं की उठायची."

मी विचारलं, "त्या वेळेचे किती झाले?"

"आवं, लाईनच न्हवती, त्याचं काय घ्यायचं?"

मी पन्नासची नोट दिली. त्यांनी दोन रुपये परत दिले आणि वहीत आईच्या नावापुढं रेघ मारली. एकूण अठ्ठेचाळीस रुपये, बूथवाल्यांना, रोख.