कच्चा लाल

ओल्या, कच्च्या रंगाच्या कापडाचा वास आला की मला सुरतेतली ती दुपार आठवते. तिथल्या पांडेसरा भागातल्या एका साड्यांच्या मिलमध्ये मी मार्केटिंगला नुकतीच लागले होते. परगावचे एक व्यापारी ऑर्डर पक्की करायला आले होते आणि आमच्या लाल साड्यांचा रंग जातोय हे सकाळीच कळलं होतं. "बेन, हे तू सांग," दाराबाहेर साहेब म्हणाले. "घाबरत सांग, पण त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत सांग." नोकरी जाणार या धास्तीतच मी आत गेले. व्यापाऱ्यांसमोर मी त्यातल्याच एका लाल साडीचा पदर भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबला. रुमाल लाल झाला. व्यापारी ऑर्डर न देताच उठले आणि दारात थांबून त्यांनी माझं नाव विचारलं. तक्रार करणार, असं वाटून मी ते कसंबसं सांगितलं. पुढच्या हंगामात ऑर्डरसाठी त्यांचा फोन आला, तोही माझंच नाव घेऊन. आता हाताखालच्या मुलांना मी साहेबांचं वाक्य सांगते. भीती जाते, असं मात्र सांगत नाही.