छोटी सिस्टर कॉलेज निवडते

छोटी सिस्टर एक्केचाळीस वर्षांची होती. अठरा वर्षांपूर्वी ती पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात रुजू झाली तेव्हा सगळ्यांत लहान तीच, त्यात उंचीही बेताची. तेव्हा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आता दुसऱ्या वॉर्डांच्या इन्चार्ज झाल्या, त्याही तिला छोटी सिस्टरच म्हणत. आपणही छोटी म्हणू. तिला चालतं.

तर ही छोटी. दोन पेशंट एकाच वेळी बिघडले तर आधी कोणाकडे धावायचं हे तिला पापणी लवायच्या आत कळतं. आणि हीच बाई गेले तीन आठवडे एक पानी फॉर्म घेऊन बसली होती. फॉर्म अभ्यासरजेचा होता. हॉस्पिटल दर वर्षी एका नर्सला वर्गाच्या दिवसांची पगारी रजा देऊन नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला पाठवायचं. हा कोर्स केलेली नर्स पेशंट स्वतः तपासू शकते, स्वतःच्या सहीने औषध लिहू शकते. अट एवढीच, की कोर्स आपल्याच राज्यातला हवा, कारण दुसरीकडचा केला तर इथे सहीचा अधिकार मिळत नाही. आणि वय बेचाळीसच्या आत हवं. छोटीला पुढच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ, पुन्हा नाही. फॉर्मवर कॉलेजसाठी एकच रकाना होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नंतर बदल करता येणार नाही. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

सही का हवी होती, ते तिने कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बेकरीत काम करणारा एक माणूस पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात होता. लिहून दिलेले वेदनेच्या औषधाचे डोस संपले आणि तो कळवळायला लागला. डॉक्टर थिएटरमध्ये अडकलेले. औषध कपाटात, कपाटाची किल्ली छोटीच्या खिशात, आणि कागदावर मात्र सही नाही. दोन तास ती त्याचा हात धरून बसली. माणूस नंतर बरा होऊन गेला, जाताना तिला पावाचं पुडकंही देऊन गेला. तिला तो पाव घशाखाली उतरवताना रडू आलं होतं.

मग कॉलेज निवडायला एवढं घोडं कुठे अडलं होतं? कॉलेजं तीन होती. पहिलं राजधानीतल्या विद्यापीठाचं. दोन वर्षं पूर्ण वेळ, हॉस्टेलवर राहायचं, बसने पाच तास. दुसरं गावातलंच, घरापासून पंधरा मिनिटांवर. तीन वर्षं, फक्त शनिवार-रविवार, पण प्रॅक्टिकलचे तास कुठल्या डॉक्टरकडे करायचे ते आपलं आपण शोधायचं. तिसरं दीड तासावरच्या गावात, मागच्याच वर्षी सुरू झालेलं, आठवड्याचे तीन दिवस.

छोटीने तिघांना विचारलं, आणि चौघांची मतं गोळा झाली. वॉर्डातले तरुण डॉक्टर म्हणाले, "राजधानी, दुसरा विचारच करू नका." मेट्रन मॅडम म्हणाल्या, "अगं, हॉस्टेलवर विशीतल्या पोरींबरोबर राहणार तू? कपडे वाळत घालायला दोरी मिळायची नाही." फार्मसीवाले काका म्हणाले की डिग्री सगळ्या सारख्याच, फ्रेम तेवढी चांगली करा. बेड चारवरच्या आजोबांना तर तिने विचारलंही नव्हतं. ते म्हणाले, "सिस्टर, माझे टाके निघेपर्यंत कुठंही जाऊ नका."

घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाईंचा कौल गावातल्या कॉलेजला होता, कारण सून संध्याकाळी घरी असेल. मुलगी बारावीत. तिने स्वतःचं कॉलेज मोबाइलवर दहा मिनिटांत निवडून टाकलं होतं, आणि आता ती आईकडे दयेने बघत असे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस. तो म्हणाला, "तू जाशील तिथे. मला काय, मी डबे करीन." या उत्तराने तर छोटी आणखीच गोंधळली. तो नको म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं!

शेवटी तिने तिला येत होतं तेच केलं. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला बेडबेडवर नेऊन हँडओव्हर देते, त्याचा छापील कागद असतो. तिने एक कोरा कागद घरी आणला आणि तीन कॉलेजं तीन बेडवर निजवली. बेड एक, राजधानी: प्रकृती उत्तम, स्टाफ भरपूर, प्रॅक्टिकलचे तास कॉलेजच लावून देतं, तक्रार नाही. बेड दोन, गावातलं: स्थिर, पण सोबतीला कुणी नाही. बेड तीन, नवीन: विद्यार्थी अकरा, शिकवायला एकच मॅडम पूर्ण वेळ, लायब्ररी अपुरी, फोन तीनदा केला तेव्हा उचलला, उचलणाऱ्या बाईंना धाप लागली होती. त्यापुढे तिने सवयीने लिहिलं, "लक्ष ठेवणे."

आता यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. तिच्या नाही आली. बुधवारी सुट्टी होती, तर ती सकाळच्या बसने निघाली ती थेट बेड तीनकडे.

कॉलेज एका जुन्या प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात खुर्च्या रचून ठेवलेल्या. ऑफिसात कुणीच नव्हतं. आतल्या खोलीत ती शिकवणारी मॅडम एकटीच, एका हाताने हजेरी भरत होती आणि दुसऱ्या हाताने प्रॅक्टिकलच्या पुतळ्याचा निखळलेला हात धरून बसली होती. पन्नाशीची असेल. भर उन्हाचा स्वेटर घातलेला.

"या, बसा. बसायला... थांबा, जिन्यातून खुर्ची आणते," ती म्हणाली.

"तुम्ही बसा हो, मी आणते," छोटी म्हणाली, आणि तिथून जी सुरुवात झाली ती दुपारी तीनलाच संपली. पुतळ्याचा हात तिने चिकटपट्टीने बसवला. कपाटातल्या सलाइनच्या बाटल्या मुदतीप्रमाणे लावल्या, मुदत संपलेल्या बाजूला काढल्या. दोन विद्यार्थिनी आल्या, त्यांना शीर कशी शोधायची ते स्वतःच्या हातावर दाखवलं. मॅडमचं ब्लडप्रेशर घेतलं. थंडी फार वाजते का, केस गळतात का, वजन वाढलंय का, हे विचारून झालं, आणि थायरॉइडची तपासणी उद्याच्या उद्या करून घ्या असं निक्षून सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुमच्यासारखी बाई इथे हवी हो."

परतीच्या बसमध्ये छोटी तीन आठवड्यांत पहिल्यांदा शांत बसली होती. ठरलं होतं.

"ठरलं," तिने जेवताना जाहीर केलं. "नवीन कॉलेज."

"बरं झालं बाई एकदाचं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने पानात भात घेतला. "अभ्यासक्रम कसा आहे तिथला?"

छोटीचा घास हातातच राहिला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय शिकवतात? प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात? सहीचा अधिकार मिळतो ना त्यांच्या कोर्सवर? नवीन आहे म्हणून विचारलं."

मॅडमचं ब्लडप्रेशर तिला दोन्ही आकड्यांसकट पाठ होतं. मॅडमचा मुलगा परगावी असतो, तिला झोप लागत नाही, हेही माहीत होतं. आलेल्या दोन विद्यार्थिनींपैकी कोणाचा हात थरथरतो तेही सांगता आलं असतं. पण ज्यासाठी तीन तासांचा प्रवास करून आली, त्यातलं तिने एक अक्षर विचारलं नव्हतं.

"अगं आई," मुलगी म्हणाली, "तू अ‍ॅडमिशनला गेली होतीस की राउंडला?"

सगळे हसले. छोटी हसली नाही. ताट तसंच ठेवून ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला स्वतःची चीड आली होती, आणि लाजही वाटत होती. एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि जो जास्त कण्हेल त्याच्याकडे आपले पाय आपोआप वळतात! माणूस असो नाहीतर कॉलेज. मग तिला वाटलं, यात वाईट काय आहे? गरज तर तिथेच आहे. मग वाटलं, पण माझी गरज कुठे आहे? गुरुवार अख्खा असाच गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ड्रेसिंग करताना तिने एकाच पेशंटला दोनदा "दुखतंय का?" विचारलं, आणि तो बिचारा दुसऱ्यांदा हो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी नऊला चादरींच्या खोलीत शिरून तिने मॅडमला फोन लावला.

"मॅडम, बुधवारी विचारायचं राहिलं," ती म्हणाली आणि एका दमात सगळे प्रश्न विचारून टाकले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"सहीची मान्यता अजून यायची आहे," मॅडम म्हणाली. "पुढच्या वर्षी येईल म्हणतात. मागच्या वर्षीही म्हणत होते. येणाऱ्या प्रत्येकाला हे मी आधी सांगते. बुधवारी सांगायला हवं होतं. पण तुम्ही चिकटपट्टी मागितलीत, आणि मग मला इतकं बरं वाटत होतं की सांगवेना."

"पण तिथे माणसांची गरज आहे, मॅडम."

"आहे ना. शिकवणाऱ्यांची. बाई, बुधवारी तुम्ही पाच तास इथे होता. माझ्याकडून काय शिकलात?"

छोटी समोरची चादर उलगडून पुन्हा घडी घालायला लागली.

"काही नाही. मीच तुमच्याकडून शिकले. आमच्याकडे आलात तर मी तुम्हाला सोडणार नाही, खरं सांगते, पहिल्या दिवसापासून कामाला जुंपीन. तेव्हा येऊ नका." मग जरा थांबून ती म्हणाली, "रक्त देऊन आले काल. रिपोर्ट यायचाय."

फोन ठेवल्यावर छोटी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. खरं तर आता सोपं व्हायला हवं होतं, नाही का? एक बेड रिकामा झाला. पण ते आणखीच अवघड झालं. गावातल्या कॉलेजला गेलं तर रोज वॉर्ड, रोज घर, आणि कुणी ना कुणी कण्हणारच. शनिवारचा तास चुकवून ती त्याच्याकडे जाणार, हे तिला दोन अधिक दोन इतकं ठाऊक होतं. राहिलं राजधानीचं. तिथे कुणालाही तिची गरज नव्हती. तीन आठवडे ती ज्याला भीत होती ते हेच. हॉस्टेलची दोरी तर बोलायची गोष्ट.

पावणेबाराला तिने ऑफिसच्या खिडकीवर उभं राहून रकान्यात विद्यापीठाचं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की क्लार्कने चष्मा वर केला.

"सिस्टर, हे नक्की ना? नंतर बदलता येत नाही."

"नक्की नाही हो," छोटी म्हणाली. "पण घ्या."

त्याने शिक्का मारला.

संध्याकाळी घरी बातमी फुटली. सासूबाई तासभर भाजी निवडत राहिल्या, मग उठून म्हणाल्या, "माझ्या गोळ्या कधी कुठली ते मोठ्या अक्षरात लिहून ठेव." मुलीने हॉस्टेलचे फोटो शोधून काढले. नवरा भांडी विसळत होता. छोटी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि त्याच्या हातातलं ताट घ्यायला तिचा हात पुढे झाला. त्याने ताट दिलं नाही.

"आता डोकं शांत झालं?" त्याने विचारलं.

"कुठलं! भुगा झालाय. तिथे त्या पोरी मशीनवर सगळं शिकलेल्या असणार. पुस्तक उघडून किती वर्षं झाली मला. पहिल्याच दिवशी काही विचारलं तर काय सांगू?"

"येत नाही म्हणून सांग."

छोटी हसायला गेली, आणि तिला एकदम रडू फुटलं. अठरा वर्षांत हे वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. वॉर्डात म्हणायची सोय नव्हती, घरातही नव्हती. ओल्या हातांनी नवरा तसाच उभा राहिला.

"येत नाही," तिने हळूच म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.