तुझं संपलं की ते येतात

परवा मुलीच्या फोनमधली जागा भरली. जन्मभर कॉम्प्युटरची नोकरी केलेला बाप घरात असताना दुकानात कशाला जायचं, म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, यातलं जुनं काय असेल ते पुसून टाका ना." मी एकदम खेकसलो, "काही पुसायचं नाही! हवं तर नवा फोन घे!" जावई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. एरवी मी न मागता सल्ला देणारा माणूस, त्यातून विषय यंत्राचा असला की विचारायलाच नको. पण त्या दिवशी ताट तसंच ठेवून उठलो. मुलीला वाटलं, वय झालं. मला एक कॅसेट आठवली होती.

आम्ही इंदूरचे. आमचे कुणी खापरपणजोबा संस्थानच्या फौजेबरोबर माळव्यात आले, पुढच्या पिढ्यांच्या हातात तलवारीऐवजी टाक आला आणि बाबांपर्यंत येता येता तो कापड मिलच्या ऑफिसातल्या कारकुनाचा टाक झाला. अन्नपूर्णेच्या देवळाजवळ आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे ओटा, संध्याकाळी ओट्यावर बाबा आणि शेजारचे मास्टरजी, दोघांच्या मध्ये शेवेची पुडी. मध्य प्रदेश तेव्हा नवीन झाला होता. राजधानी भोपाळला गेली याचं दुःख मास्टरजी रोज नव्याने करायचे आणि बाबा रोज तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचे. त्याच ओट्यावर अभ्यास करून मी इंजिनिअर झालो आणि अमेरिकेला निघून गेलो. एकुलता एक मुलगा. "जा, जा, फिकर करू नको," असं बाबा म्हणाले आणि मी खरंच केली नाही.

तिथे मला काम मिळालं ते कॉम्प्युटरच्या खोलीत. कपाटाएवढी यंत्रं आणि त्यांच्यावर फिरणारी टेपची मोठाली रिळं. रीळ चढवायचं, यंत्राने त्यावरची माहिती वाचून घेतली की ते गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणायचं आणि त्याच्यावरच नवी माहिती उतरवायची. वाचून झालेलं रीळ म्हणजे रिकामं रीळ, अशी आमच्या खोलीतली रीत. पुढे मी प्रोग्राम लिहायला लागलो, टाय लावायला लागलो, पण ती रीत हातात मुरली ती मुरलीच.

घरच्यांशी बोलणं महाकठीण. पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. ट्रंक कॉल लावला तर आई-बाबांनी मास्टरजींच्या शाळेत जाऊन बसायचं, आणि "आवाज येतोय का" हे एकमेकांना विचारण्यातच तो संपायचा. म्हणून पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा मी एक टेपरेकॉर्डर घेऊन आलो. तसाच एक माझ्याकडे होता. बाबांना तो इतका आवडला की त्यांनी दोन दिवस त्यावर धूळ बसू दिली नाही. मग मिलमधल्या माणसाला शोभेल अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. "देख बेटा, कॅसेटची एक बाजू आमची, दुसरी तुझी. मतलब, गाडी जाताना पण भरलेली आणि येताना पण भरलेली. खाली चक्कर नको."

पहिली कॅसेट आली तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि माझ्या खोलीत बाबा खाकरत होते. रेडिओवरच्या माणसासारखं त्यांनी आधी "नमस्कार" म्हटलं. मग आईला पुढे ढकललं. ती जेवण-खाण विचारून लाजून मागे गेली. मग मास्टरजी ओरडले, "क्यों भिया, क्या हाल है? मेम तो नहीं ले आया?" मध्येच मिलचा भोंगा झाला, तर तो संपेपर्यंत बाबा थांबले आणि मग उरलेलं वाक्य पुरं केलं. मी हसलो, रडलोही. कॅसेट संपल्यावर ती गुंडाळून सुरुवातीला आणली, लाल बटण दाबलं आणि त्याच्यावरच माझं उत्तर भरलं. कॅसेट उलटायची असते हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. थंडी, ऑफिस, भात बरा शिजतो, काळजी करू नका. दहा मिनिटांत माझ्याजवळचं बोलणं संपलं. ती कॅसेट मी इंदूरला पाठवून दिली.

पुढच्या कॅसेटमध्ये बाबांनी सुरुवातच केली, "अरे, तुझं झालं, टेप चालूच राहिली, आणि एकदम मीच बोलायला लागलो! तुझी आई घाबरली ना. साहेब, दुसरी बाजू कोरी असते, आपल्यासाठी ठेवलेली असते बरं का." मागे आई हसत होती. मला ते ऐकून ओशाळं वाटायला हवं होतं, पण तेव्हा मी तंत्रज्ञ होतो. मी त्यांनाच समजावून सांगितलं. "बाबा, टेपची हीच तर गंमत आहे. ऐकलं की काम झालं. तुम्हीही माझं पुसून त्याच्यावरच बोला, दर वेळी नवी कॅसेट कशाला?" आणि हा धडा मी त्यांचाच आवाज पुसून दिला.

बाबा या विषयावर पुन्हा काही बोलले नाहीत. नवी कॅसेट मात्र दर वेळी आली. दुसरी बाजू दर वेळी कोरी होती. मी ती कधीच वापरली नाही. सुरुवातीला ती निव्वळ सवय होती. नंतर मात्र, खरं सांगायचं तर, तो एक ताठा झाला. आपण चुकलो हे बाबांनी हसत दाखवून दिलं होतं, आणि हसत दाखवलेली चूक मला मान्य करवत नव्हती.

पुढे घरात ठेवता येतील असे छोटे कॉम्प्युटर निघाले. मी सुटे भाग आणून एक जोडायला घेतला आणि त्या खुळापायी मला दुसरं काही सुचेना. ऑफिसातून यायचं ते त्या टेबलाशी बसायला. इंदूरची कॅसेट आली ती नेमकी तेव्हा. मी ती लावली आणि हातातलं काम करत करत ऐकू लागलो. थंडी पडली आहे, गराडूचे कंद तळले, तुझी आठवण काढली. मास्टरजींचा गुडघा. बेटम्याला कुणाच्या लग्नाला निघाले तर टेम्पो वाटेत बंद पडला आणि वऱ्हाडाने तो ढकलत नेला. मग बाबांचा आवाज खाली आला. "आता तुझ्या आईला मी बाहेर पाठवलंय, सब्जीवाला आलाय. तर ऐक, मला तिच्याविषयी बोलायचंय." तेवढ्यात माझ्या हातातली तार निसटली आणि तापलेल्या हत्याराचा चटका बसला. मी यंत्राला शिव्या देत बसलो. बाबा बोलत होते, बराच वेळ बोलत होते. नंतर नीट ऐकू, असं मी ठरवलं.

तो छोटा कॉम्प्युटर बंद केला की त्यातला प्रोग्राम उडून जायचा, म्हणून तो साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवावा लागे. कानाला ती नुसती किंचाळी. मी बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत होतो. तो पहिल्यांदा नीट चालला त्या दिवशी हाताशी दुसरी कॅसेट नव्हती. विसरलो असं म्हणायला मला आवडेल, पण मी विसरलो नव्हतो. मी विचार केला की फार तर सुरुवातीचे गराडू जातील, आईविषयीचं पुढे आहे, ते राहील. कॅसेट उलटली असती तर एवढा विचारही करावा लागला नसता. नंतर प्रोग्राम सुधारत गेलो. आमच्या धंद्यात कुठल्याही गोष्टीची एकच प्रत ठेवणारा माणूस मूर्ख समजतात, म्हणून मी एकामागोमाग एक प्रती उतरवत गेलो, सगळ्या त्याच कॅसेटवर.

बाबा गेल्याची तार आली तेव्हा त्यांच्या कॅसेटला मी उत्तरही दिलेलं नव्हतं. निघालो असतो तरी तोंड दिसलं नसतं, हे खरं. पण निघायला हवं होतं. ऑफिसात नवी व्यवस्था सुरू व्हायची होती आणि रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. मास्टरजींच्या शाळेतून आई फोनवर बोलली. रडली नाही. "यायचं तेव्हा ये. येताना ती शेवटची कॅसेट आण. मला बाहेर पाठवून काय बोलत बसले होते कोण जाणे. विचारलं तर हसायचे, म्हणायचे, ते बाप-लेकाचं आहे. मला एकदा ऐकायचंय." मी म्हणालो, आणतो.

उन्हाळ्यात गेलो. कॅसेट बॅगेत होती. कपड्यांच्या घडीत मी ती अशी दडवली होती की मलाही सहज दिसू नये. निघण्यापूर्वी लावून बघायची हिंमत मला झाली नव्हती. विमानात सगळा वेळ काय खोटं बोलायचं ते जुळवत होतो. कस्टमवाल्यांनी घेतली, उन्हाने खराब झाली, असं काहीतरी.

आईने पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बिस्किटांचा मोठा डबा काढला. त्यात माझ्या सगळ्या कॅसेटी होत्या. एक लावली आणि आमसुलं निवडायला बसली. माझाच आवाज ऐकू यायला लागला, थंडी, ऑफिस, भात. तोच तो, कोरडा, घाईतला. मला ते सोसवेना. म्हटलं, "आई, बंद कर ना. हे काय ऐकायचं?"

"थांब," ती म्हणाली. "तुझं संपलं की ते येतात."

टेपवरचा मी म्हणालो, "बरं, ठेवतो आता." खट् झालं. आणि बाबा आले, अर्ध्या वाक्यात. "...तर ती गाय आपल्याच ओट्यावर येऊन बसली ना! मास्टरजी म्हणे, हिला भोपाळला पाठवा, तिथे सगळे असेच बसतात." आई हसली, आणि टेपच्या आतली आईसुद्धा हसली. डब्यातल्या प्रत्येक कॅसेटमध्ये बाबा असे माझ्यानंतर उरलेले होते. जिथे मी कमी बोललो तिथे जास्त, जिथे जरा लांबवलं तिथे कमी. रोज दुपारी ती माझी थंडी आणि माझा भात निमूट ऐकून घ्यायची, पुढे बाबा यायचे म्हणून. टेप पुढे पळवायचं बटण तिला माहीत होतं. "तुझं मध्येच कसं तोडायचं?" ती म्हणाली.

ठरवलेलं खोटं मला बोलता आलं नाही. मी कॅसेट आणून दिली आणि म्हटलं, "आई, यावर मी माझं काहीतरी भरलंय. पण तू म्हणतेस तसं, पुढे असतील."

"काय म्हणाले होते, ते तुला आठवत असेल ना?"

"तुझी काळजी घे म्हणाले."

"ते तर दूधवाल्यालाही सांगायचे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

किंचाळी सुरू झाली. उन्हाळ्याच्या त्या शांत दुपारी ती भिंतींना भोकं पाडत होती. आईने हातातली आमसुलं खाली ठेवली आणि नीट बसली. थोड्या वेळाने मास्टरजी दारात आले. "भाभीजी, रेडियो बिगड गया क्या?" आईने हाताने त्यांना थोपवलं. "नहीं जी, बेटे का चल रहा है. ह्यांचं यायचंय अजून." मास्टरजी चपला काढून ओट्यावरच टेकले. एक प्रत संपायची, क्षणभर नुसती खरखर व्हायची, आई पुढे वाकायची. मग पुढची प्रत किंचाळायला लागायची. प्रत्येक वेळी ती पुढे वाकली. यंत्र बंद करावं असं मला प्रत्येक वेळी वाटलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आता येतील.

टेप खट्कन थांबली. बाजू संपली होती. दुसरी लावून बघण्यात अर्थ नव्हता, ती कोरी होती. मास्टरजी चपला घालून घरी गेले. मला आईचे पाय धरावेसे वाटले, पण मी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिलो.

आईने कॅसेट काढली, डब्यात माझ्या बाकीच्या कॅसेटींबरोबर ठेवली आणि झाकण लावता लावता म्हणाली, "या वेळी बराच वेळ बोललास रे."